जुन्या गाडीच्या बाहेरच्या काळ्या पट्ट्या आणि रबर: या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबईतल्या बऱ्याच जुन्या सोसायट्यांत गाड्या वर्षभर उघड्यावरच उभ्या असतात. अशा गाडीचे इंजिन ठणठणीत असले तरी दहा-बारा वर्षांत तिचे वय बाहेरच्या प्लास्टिकवर दिसू लागते. बंपरचा खालचा भाग, चाकांवरच्या कमानी, दारांवरची बीडिंग आणि वायपरखालची जाळी करडी पडते, काचेच्या कडेचे रबर ताठरते आणि क्रोमच्या पट्टीवर पुटकुळ्या येतात. यांपैकी काही भाग केवळ शोभेचे असतात, तर काहींचे काम पाणी अडवण्याचे किंवा वाट काढून देण्याचे असते. वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात दुसऱ्या प्रकाराकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. तरीही बहुतेक जण सारा वेळ आणि पैसा पहिल्या प्रकारावरच घालवतात.

शोभेच्या भागांपासूनच सुरुवात करू, कारण सर्वाधिक चुका तिथेच होतात. काळी क्लॅडिंग, म्हणजे बंपर आणि कमानींवरचे हे काळे प्लास्टिक, बहुधा पॉलिप्रोपिलिनची (पीपी), किंवा त्यात ईपीडीएम नावाचे कृत्रिम रबर मिसळून केलेली असते. सुटा भाग उलटा करून पाहिल्यास मागे PP किंवा PP+EPDM अशी अक्षरे कोरलेली सापडतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी या प्लास्टिकचा वरचा थर तुटत जातो आणि त्यावर सूक्ष्म भेगा पडतात. आपल्याला दिसणारा पांढुरकेपणा हा त्या भेगांचा असतो, मळाचा नव्हे. त्यामुळे कितीही घासले तरी तो निघत नाही आणि कोणतेही तेल चोपडले तरी तो काही काळच लपतो. ओला दगड काळा दिसतो आणि वाळला की पुन्हा करडा होतो, तसाच हा प्रकार आहे. सिलिकॉनयुक्त चमकदार ड्रेसिंग (प्लास्टिक चमकवायला चोपडायचा द्रव) बंपरच्या वरच्या भागावर थोडे टिकते, पण चाकांच्या कमानींवर चिखलपाण्याचा मारा इतका असतो की जोराच्या एक-दोन सरींनंतर ते शिल्लक राहत नाही. शिवाय या सिलिकॉनचा अंश मागे राहिला, तर पुढे त्या भागावर रंग मारताना बारीक खळगे पडतात, ज्यांना पेंटर मंडळी ‘फिश आय’ म्हणतात.

रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवून प्लास्टिक काळे करण्याची जुनी युक्ती अजून पुष्कळ गॅरेजांत चालते, तसेच पावसाळ्यापूर्वी गाडीच्या तळाला डिझेल मारून घेणारेही आहेत. ही सवय मोडलेली बरी. दारांभोवतीचे ईपीडीएम रबर ऊन आणि हवा उत्तम सोसते, पण खनिज तेलाच्या संपर्कात ते फुगते आणि मऊ पडते. तेल लागलेले रबर सुरुवातीला छान टवटवीत दिसते, म्हणूनच हा गैरसमज टिकून आहे.

हीट गनने (गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राने) प्लास्टिक काळे करण्याचे चलचित्र पाहून मोहात पडणारेही पुष्कळ आहेत. उष्णतेने वरचा थर किंचित वितळून भेगा बुजतात आणि काळेपणा परत येतो, हे खरे. पण झिजलेले प्लास्टिक काही नवे होत नाही. पॉलिप्रोपिलिन सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळते आणि साधी हीट गनही ५०० अंशांपर्यंत जाते, त्यामुळे हात क्षणभर जरी थांबला तरी पृष्ठभागाची जाळीदार नक्षी सपाट होते किंवा भागच वाकतो. माझ्या मते हा उपाय विकायला काढलेल्या गाडीचा आहे, वापरायच्या गाडीचा नव्हे.

टिकाऊ मार्ग दोनच आहेत: ट्रिमसाठीचे, म्हणजे या बाहेरच्या प्लास्टिकसाठीचे, सिरॅमिक कोटिंग किंवा रंग. कोटिंग लावण्यापूर्वी भाग साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा लागतो; आधीच्या ड्रेसिंगचा तेलकटपणा राहिला तर कोटिंग ठिगळाठिगळांनी सुटते. नक्षीत वॅक्स पॉलिशचे पांढरे कण अडकले असतील, तर ते जुन्या टूथब्रशने आधीच काढावेत, कारण कोटिंगखाली गेलेले पांढरे डाग नंतर निघत नाहीत. दुपारच्या उन्हात तापलेल्या काळ्या भागावर ते लावल्यास ओघळ आणि पट्टे उमटतात. रंगाच्या बाबतीत मुख्य चूक म्हणजे प्लास्टिक प्रायमर टाळणे. पॉलिप्रोपिलिनला रंग मुळात धरतच नाही आणि प्रायमरविना मारलेला रंग प्रेशर वॉशच्या पहिल्या झोतात पापुद्र्याने निघतो. पावसाळ्यात स्प्रेच्या डब्याने रंगवू नये. दमट हवेत लॅकर रंगावर बाष्प धरून दुधी झाक येते. ती आलीच, तर कोरड्या दिवशी हलके घासून पुन्हा हात मारावा.

क्रोमविषयी थोडक्यात सांगता येते. आजच्या गाड्यांवरचे क्रोम बहुधा प्लास्टिकवरचा पातळ मुलामा असते. त्याला पुटकुळ्या आल्यावर कोणत्याही पॉलिशने फरक पडत नाही आणि तारेच्या काथ्याने घासल्यास उरलेला मुलामाही जातो. पट्टी बदलावी किंवा तिच्यावर काळे व्हायनल चढवावे.

बीडिंग किंवा गार्निश पुन्हा चिकटवताना फेविक्विकसारखा गोंद कधीही वापरू नये. तो कडक होतो, कडेला पांढरा फुलोरा धरतो आणि पुढे पट्टी काढताना रंगही सोबत नेतो. अॅक्रिलिक फोमचा दुहेरी टेप हेच योग्य साधन आहे. तो चिकटवल्यावर पहिल्या २० मिनिटांत त्याची पकड साधारण निम्मी असते, २४ तासांत ९० टक्क्यांच्या आसपास जाते आणि पूर्ण व्हायला ७२ तास लागतात. संध्याकाळी टेप लावून दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धुवायला देणाऱ्यांची पट्टी घोडबंदर रोडवर सुटून पडते, त्याचा दोष टेपचा नसतो. काठ बुजवण्यासाठी सिलिकॉन सीलंट लागलेच, तर व्हिनेगरसारखा वास येणारे घेऊ नये. त्यातून सुटणारे अॅसिटिक आम्ल उघड्या पत्र्याला गंज चढवते. न्यूट्रल प्रकारचे मागावे.

आता पाण्याचे भाग. दाराच्या काचेला बाहेरून टेकणारी काळी पट्टी हातात घेऊन पाहावी: काचेकडची मखमल झडून गुळगुळीत रबर उरलेले असते आणि आतल्या पोलादी गाभ्याच्या रेषेत तांबूस गंज फुगून वर आलेला असतो. अशी पट्टी काळी करण्यात अर्थ नाही, ती बदलावीच लागते. बहुतेक गाड्यांत काच खाली करून, टोकाचा स्क्रू असल्यास तो काढून, पट्टी सरळ वर उचलतात. मात्र त्याआधी कडेला मास्किंग टेप लावावा आणि स्क्रू ड्रायव्हरऐवजी प्लास्टिकची पट्टी वापरावी. काठावरचा रंग खरवडला गेला तर तिथे नव्या रबराखाली गंज लपून वाढतो, म्हणून प्रायमर व टचअप करूनच नवी पट्टी बसवावी.

सुटा भाग केवळ मॉडेलच्या नावावर मागू नये. चेसिस क्रमांकावरून पार्ट नंबर काढून घ्यावा, आणि क्लिपा आधीच जास्त आणून ठेवाव्यात, कारण जुन्या क्लिपा काढताना तुटतातच. शेव्हरोलेने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली आणि फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. अशा गाड्यांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा जुना माल शोधावा लागतो. तिथे भाग उन्हात धरून किंचित वाकवून पाहावा, पांढरी रेघ उमटली तर तो घेऊ नये.

वायपरखालची जाळी काढलीच, तर तिच्याखालचा पालापाचोळा साफ करावा. तिथले पाण्याच्या निचऱ्याचे छिद्र तुंबले की पाणी एसीच्या ब्लोअरवाटे पायाशी उतरते आणि लोक विनाकारण दारांची रबरे बदलत बसतात. नवी पट्टी लावल्यावर बंद काचेवर तांब्याभर पाणी ओतावे. थोडे पाणी दारात जाणे स्वाभाविक आहे, ते दाराच्या तळाच्या छिद्रांतून बाहेर पडले पाहिजे. ते तसे न पडता मॅट ओली झाली, तर आधी ती छिद्रे मोकळी आहेत का ते पाहावे, आणि नंतर दाराचे पॅड (आतले आवरण) उघडून आतला प्लास्टिकचा पडदा तपासावा. स्पीकर किंवा पॉवर विंडोच्या कामात तो बहुतेकदा फाडलेला असतो, आणि तो नीट चिकटवल्याशिवाय बाहेरचे कोणतेही रबर ते पाणी अडवू शकत नाही.