आंब्याच्या पेटीवरून इंटरनॅशनल बिझनेस कसा शिकायचा

सुट्टीत गावी गेलो की बीकॉमवाली एकदोन पोरं पुस्तक घेऊन येतातच, दादा इंटरनॅशनल बिझनेस डोक्यात शिरत नाहीये. पुस्तक उघडलं की पहिल्याच धड्यात अमेरिकन बर्गर, मग जपानी गाड्या, मग चार चौकटींचं कुठलंतरी कोष्टक, आता राजापुरातल्या पोराने त्याचं करायचं काय. मी पण पाठच केलं होतं, पेपर सुटला, आणि न्हावाशेव्याच्या बंदरावर फॉरवर्डरकडे, म्हणजे दुसऱ्यांचा माल परदेशी पोचवायची व्यवस्था करणाऱ्याकडे, पहिल्या नोकरीला लागलो तेव्हा कळलं की शिपिंग बिल आणि बिल ऑफ लेडिंग यातला फरक पण आपल्याला सांगता येत नाही (पहिलं आपण कस्टमला द्यायचं, दुसरं जहाज कंपनी आपल्याला देते, बस एवढंच).

म्हणून आता मी सांगतो की धडा पहिला, धडा दुसरा असं जाऊच नका. आपल्या तालुक्यातला एक माल पकडा आणि त्याच्या मागे मागे देशाबाहेरपर्यंत जा. आंबा घ्या, काजू घ्या, म्हाकूल घ्या, रेडीकडचे असाल तर लोखंडाचं खनिज घ्या. मालाला वाटेत कोण अडवतं आणि का, तोच माल दुसरं कोण विकतंय, भाव कुठे ठरतो, एवढं शोधत गेलात की अर्धा सिलॅबस आपोआप होतो.

हापूसच बघा. कलम एक, बाग एक, पण दारं चार. दुबईला पाठवायचा तर त्यातल्या त्यात सोपं. युरोपने 1 मे 2014 पासून भारतीय आंबा बंदच केला होता, कारण काय तर फळमाशी, आणि ती बंदी उठली 2015 च्या जानेवारीत. तिकडे जाणाऱ्या आंब्याला गरम पाण्याची ट्रीटमेंट, 48 डिग्रीला एक तास. जपानला गरम पाणी नाही चालत, वाफेची ट्रीटमेंट पाहिजे, आणि त्यांनी मुळात दार उघडलं तेच 2006 मधे. अमेरिकेने 2007 मधे उघडलं पण अट विकिरणाची, म्हणजे फळावर किरणांचा मारा, किमान 400 ग्रे (ग्रे हे त्या माऱ्याचं माप), ते पण त्यांचा इन्स्पेक्टर इथे हजर पाहिजे. 2020 मधे कोरोनामुळे तो इन्स्पेक्टर येऊ शकला नाही आणि 2022 उजाडेपर्यंत अमेरिकेला जाणारा आंबा बंद. म्हणजे आंब्यात काही खोट नव्हती, फक्त माणूस विमानात बसू शकला नाही. पुस्तकात ‘नॉन टॅरिफ बॅरियर’ (जकात सोडून बाकीचे अडथळे) म्हणून दोन ओळी असतात ना, त्या ह्याच. 2025 च्या मे महिन्यात तर विकिरण झालेल्या आंब्याच्या किमान 15 शिपमेंट अमेरिकेच्या विमानतळांवर अडकल्या, कागदात चूक म्हणून, आणि परत आणण्याचा खर्च जास्त म्हणून माल तिथेच नष्ट करावा लागला. बागायतदार वर्षभर मोहोर, थ्रिप्स, अवकाळी सांभाळत बसतो आणि शेवटी एका फॉर्मवर सगळं जातं, हे वाचून मला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

ह्यातून तुमच्या अभ्यासासाठी एक वही करा. डाव्या पानावर देश आणि त्याची अट, उजव्या पानावर ती अट पूर्ण करायला आपल्याकडे काय आहे आणि कुठे. देवगडातली पेटी वाशीपर्यंत का जाते, रत्नागिरीतूनच सरळ का जात नाही, हे त्या उजव्या पानावर आपोआप दिसायला लागतं.

मग आकडे. ट्रेड मॅप नावाची साइट आहे, वाणिज्य मंत्रालयाची पण आकड्यांची साइट आहे, तिथे एचएस कोड टाकायचा, म्हणजे प्रत्येक मालाला व्यापारासाठी दिलेला नंबर. पहिले 6 अंक जगभर सारखे, पुढचे 2 आपल्या देशाचे. इथे सगळे एकदा तरी आपटतात. आंब्याचा 6 अंकी कोड 080450, पण त्यात पेरू आणि मँगोस्टीन पण येतात! प्रोजेक्टमधे ‘हापूसची निर्यात’ म्हणून हा आकडा छापलेला मी स्वतः पाहिलाय, केशर बदामीसकट पेरू सगळा हापूस झालेला, आणि सरांनी मार्क पण दिले होते. 8 अंकी कोडपर्यंत खाली जा, बागेची वर्षं आणि आकड्यांची वर्षं जुळतात का बघा, कारण सरकारी वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि आपला सीझन मार्च ते मे, म्हणजे एकच हंगाम दोन वर्षांत तुटतो.

अजून एक गंमत, वाशीला नोव्हेंबर डिसेंबरमधे मलावीचा हापूस येतो. कलमं आपल्याकडचीच गेलेली, पण सीझन उलटा. आता जीआय टॅगचा धडा काढा, म्हणजे मालाचं नाव त्याच्या मूळ भागापुरतं राखणारी सरकारी नोंद, ती 2018 मधे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर ह्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला मिळाली. टॅगने झाड थांबत नाही, नाव फक्त राखता येतं. कर्नाटकचा आंबा रत्नागिरीच्या पेटीत भरणाऱ्यांचं काय करायचं हा वेगळा विषय आहे, तो काढला की बागायतदार संध्याकाळपर्यंत सोडत नाही.

काजूवाल्यांनी उलट बाजूने शिकावं, म्हणजे आयातीकडून. वेंगुर्ल्याच्या काजूला जीआय आहे, ठीक आहे, पण कारखाना वर्षभर चालवायला गावची बी पुरत नाही म्हणून आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानियातून बी येते, आणि गर विकताना समोर व्हिएतनाम उभा. म्हणून आफ्रिकेत पीक जास्त आलं की इथे बीचा भाव पडतो आणि लोक स्थानिक व्यापाऱ्याला शिव्या देतात. डब्ल्यू 320 ही काजूगराची प्रत, म्हणजे एका पाउंडात साधारण 300 ते 320 गर, हे पण कारखान्यातल्या बायकांनी मला शिकवलं, पुस्तकाने नाही. मासळीवाल्यांना एवढंच सांगतो की कासवाचं प्रकरण वाचा, समुद्रात पकडलेली आपली कोळंबी अमेरिकेने 2019 पासून जाळ्यात कासवं अडकून मरतात ह्या कारणावरून अडवली, तळ्यातली चालते.

इन्कोटर्म्स पाठ करू नका, बागेतून समजून घ्या. बाग उक्ती, म्हणजे सगळ्या फळाची एकच रक्कम ठरवून, विकली, तुम्ही मोकळे, पुढे पाऊस येवो की वाहतूक बंद पडो. स्वतः पेट्या भरून वाशीला दलालाकडे पाठवल्या तर पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशोब, येईपर्यंत जीव टांगणीला. इन्कोटर्म्स, म्हणजे आंतरराष्ट्रीय सौद्यात वापरायच्या ठरलेल्या अटी, म्हणजे हीच भांडणं आधी लिहून ठेवलेली, खर्च कोणाचा आणि जोखीम कुठे हात बदलते. परीक्षेत फसवतात ते सीआयएफवर (किंमत, विमा आणि भाडं), भाडं आणि विमा विकणारा भरतो पण जोखीम माल जहाजावर चढला तेव्हाच घेणाऱ्याची झालेली असते. आणि विमानाने जाणाऱ्या आंब्याला एफओबी (माल जहाजावर चढवून देणं) लिहू नका, ती जहाजाची टर्म आहे, एफसीए (ठरलेल्या जागी वाहतूकदाराच्या हवाली करणं) लिहा, बाजारात सगळे चुकीचं लिहितात तरी.

फॉरेक्स म्हणजे परकीय चलनासाठी गल्फवाल्या काकाला धरा. दुबईचा दिरहॅम डॉलरला बांधलेला आहे, 1 डॉलरला साधारण 3.67, म्हणून रुपया डॉलरपुढे पडला की दुबईतला पगार घरी येताना फुगतो, हे मंडणगड खेडमधल्या बायकांना बँकवाल्यांपेक्षा आधी कळतं.

माणसांना भेटायला मात्र एप्रिल मेमधे जाऊ नका, कोणी उभं करणार नाही. जूनच्या शेवटी जा, पावसात लोक पडवीत बसलेले असतात, कॅनिंगचा हिशोब पण संपलेला असतो, मग जुन्या पट्ट्या काढून दाखवतात. मागच्या 3 वर्षांच्या पट्ट्यांचे फोटो परवानगी घेऊन काढा, हमाली, तोलाई, कमिशन वेगळं करून घरी आणा, आणि त्याच महिन्याचा निर्यातीचा भाव शेजारी लिहा.