‘वेचे’ म्हणजे काय, हे कसं शोधावं

आमच्या वाचनालयात परवा नववीतल्या एका मुलीने ‘नवनीत अथवा मराठी कवितांचे वेचे’ हे नाव वाचलं आणि विचारलं, “मॅडम, वेचे म्हणजे?” परशुरामपंत तात्या गोडबोल्यांनी जुन्या कवींच्या काव्यातून केलेली ही निवड, १८५४ सालची. अशा अडलेल्या शब्दाचा माग कसा काढायचा, ते तिला दाखवलं तसंच सांगते.

आधी एकवचन करा: वेचा. मग क्रियापद: वेचणे. आता कोश उघडण्याआधी हा शब्द रोज कोणाच्या तोंडी असतो ते आठवा. आमच्या यवतमाळकडे कापसाची वेचणी असते. लहानपणी आईबरोबर मीही जायची. उमललेल्या बोंडातला कापूस बोटांच्या चिमटीत अलगद ओढायचा, चिकटलेला पाला झटकायचा, कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, वेगळी ठेवायची. हिरव्या बोंडाला हात लावायचा नाही, ते पुढच्या वेचणीला. गोळा करणं आणि निवडणं एकाच हाताने चालतं. म्हणून ‘वेचे’ला नुसतं ‘संग्रह’ म्हणू नका. संग्रहात सगळं मावतं, वेच्यात निवडलेलंच येतं.

मग कोश. संस्कृतात ‘चि’ म्हणजे गोळा करणे. ‘वि’ लागला की निवडून गोळा करणे. चयन, संचय याच धातूचे.

इथे एक खड्डा आहे, त्यात पुष्कळ जण पडतात. तुकोबा म्हणतात, ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी ॥’ हा ‘वेच’ म्हणजे खर्च, तो ‘व्यय’वरून आला. आयुष्य वेचणं तेच. दिसायला जुळे, पण घराणी वेगळी. शंका आली की वाक्यात ‘निवडून घेणे’ घालून बघा. बसलं नाही तर ‘खर्चणे’ घाला.

परभाषेतलं नातंही पाहून घ्या. वेच्यांच्या पुस्तकाला इंग्रजीत ‘अँथॉलॉजी’ म्हणतात; त्यात ग्रीक ‘अँथॉस’ म्हणजे फूल, आणि पुढे वेचणं. लॅटिनमधलं ‘फ्लोरिलेजियम’ही तसंच; त्यातल्या ‘लेगेरे’चा अर्थ वेचणं आणि वाचणं असा दोन्ही. हे सांगताना मला फार आनंद होतो.

शेवटी पुस्तकाकडे परत या. आम्ही मोरोपंतांचे वेचे काढले, शेजारी त्यांच्या समग्र काव्याचा एक खंड ठेवला आणि कोणती बोंडं पऱ्हाटीवरच, कापसाच्या झाडावरच, राहिली ते बघत बसलो.