घरी मजबूत पिशवी शिवताना या चुका टाळा

राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून बाजाराची पिशवी घरी शिवण्याचा उत्साह माझ्या ओळखीपाळखीत वाढला आहे आणि त्याबरोबर त्याच त्या चुकाही घरोघर होत आहेत. जाड कापडासाठी लागणारे भक्कम मशीन बहुतेकांकडे नसते. असते ते ब्लाऊज आणि उशांचे अभ्रे शिवण्याचे हलके मशीन, नाहीतर तेही नसते. शिवलेली पिशवी फाटली की सगळा दोष मशीनवर जातो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या पिशव्या पाहून मी खात्रीने सांगते की बहुतेक पिशव्या मशीन नव्हते म्हणून फाटलेल्या नसतात, वजन कुठून कुठे जाणार याचा विचार न करता शिवल्यामुळे फाटलेल्या असतात.

धरायचे बंद पिशवीच्या तोंडाच्या काठावर शिवणे

ही चूक मला सर्वाधिक खटकते, कारण ती टाळायला खर्चही येत नाही आणि वेगळे कौशल्यही लागत नाही. ओळखीतल्या एका ताईंनी जुन्या जीन्सची देखणी पिशवी शिवली आणि ती घेऊन त्या नाशिकच्या गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजाराला गेल्या. पाच किलो कांदे, बटाटे, दुधी आणि दोन नारळ असा बाजार भरून परतीची चढण लागली, तेव्हा एक बंद तोंडापासून सुटला आणि कांदे पायऱ्यांवरून घरंगळत खाली गेले. दुसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या आणि दोरा कच्चा निघाला, अशी तक्रार करू लागल्या. मी बंदाचे टोक उलटून पाहिले, तर दोरा एका ठिकाणीही तुटलेला नव्हता. फाटले होते ते कापड, तेही थेट सुईच्या छिद्रांच्या रेषेवर. मजबुतीसाठी म्हणून त्यांनी अगदी बारीक टाक्यांची टीप त्याच रेषेवर तीन वेळा मारली होती. त्यामुळे टपाल तिकिटांच्या कडेला असते तशी छिद्रांची रांग तयार झाली, आणि सगळे वजन त्याच रांगेवर लटकत राहिले.

शिवण घट्ट करायची म्हणजे टाके बारीक घ्यायचे, ही समजूत पातळ कापडातून आलेली आहे. कॅनव्हास, जीन्स किंवा ताडपत्रीसारख्या कापडावर टाका साडेतीन ते चार मिलिमीटरचा असावा, हाताने शिवताना पाचाचाही चालतो. आणि बंदाचे वजन एका आडव्या रेषेवर कधीही सोडू नये. बंद पिशवीच्या अंगावर किमान आठ-दहा सेंटिमीटर खाली उतरवून त्याला चौकोनी शिवण घालावी, चौकोनाच्या आत फुली मारावी आणि कापडाच्या उलट बाजूला त्याच जागी जाड कापडाचे ठिगळ लावावे. एवढे केले तरी पिशवी बरीच टिकते.

मी स्वतः मात्र एवढ्यावर थांबत नाही. माझ्या पिशवीचे दोन्ही बंद म्हणजे नायलॉनच्या नवारीची, म्हणजे जाड विणलेल्या पट्ट्याची, एकच अखंड पट्टी असते, जी तळाखालून फिरून दोन्ही बाजूंनी वर येते. मग वजन तळाखालच्या पट्टीवर बसते आणि शिवणीचे काम फक्त पट्टी जागेवर धरून ठेवण्याचे उरते. चाळीस सेंटिमीटर उंच आणि दहा सेंटिमीटर रुंद तळाच्या पिशवीला, दोन्ही मुठी पंचावन्न-पंचावन्न सेंटिमीटरच्या धरल्या, तर चार उभ्या धावांचे १६०, दोन मुठींचे ११० आणि तळाचे २० असे २९० सेंटिमीटर होतात. जोडासाठी दहा धरले की तीन मीटर नवार पुरते. जोड तळाखाली ठेवावा, मुठीत कधीही ठेवू नये. पट्टीची शिवण तोंडाच्या काठापासून चार सेंटिमीटर खालीच थांबवावी, आणि त्याचे कारण पुढे येते.

नवशिके इथे आणखी एक घाई करतात. आधी दोन्ही बाजू शिवून पिशवी तयार करतात आणि मग तिच्या पोटात हात घालून बंद लावायला बसतात. कापड सपाट पसरलेले असतानाच पट्टी शिवून घ्यावी आणि बाजू सर्वांत शेवटी मिटवाव्यात. तळाला शिवण येऊ न देता समोर, तळ आणि मागचा भाग एकाच सलग तुकड्यात कापला, तर वर सांगितलेल्या मापाला दुमडीसह सुमारे एक मीटर कापड लागते.

हलक्या मशीनवर जबरदस्ती करणे

दुसरी चूक पिशवीपेक्षा मशीनला महागात पडते. जीन्सच्या कापडाचा बंद दोन्ही कडा आत घेऊन दुमडला की त्याचे चार थर होतात. तोंडाचा काठ दोनदा दुमडला की तीन थर होतात. बंद काठावर ठेवून शिवायला घेतला की सुईखाली सात थर येतात आणि बाजूच्या शिवणीजवळ त्याहूनही अधिक. घरगुती मशीन ते ओढू शकत नाही. अशा वेळी मशीन अडले की लोक पायाने जोर वाढवतात किंवा कापड मागून ओढतात. सुई वाकते, खालच्या पत्र्यावर आपटते आणि तुटते. कधीकधी शटलची, म्हणजे खालचा दोरा धरणाऱ्या भागाची, वेळही चुकते, आणि मग ते मशीन ब्लाऊजवरही टाके सोडू लागते. दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीचे पैसे भरताना ती पिशवी बाजारातून विकत आणल्यापेक्षा महाग पडलेली असते.

उपाय थर कमी करण्यात आहे. जीन्सच्या घडीऐवजी नवार घेतली आणि ती काठाच्या खाली शिवली, तर नवार, पिशवीचे कापड आणि ठिगळ असे तीनच थर सुईखाली येतात. १६ नंबरची सुई बसवून ते बहुतेक साध्या मशीनवर निघतात. सुईच्या पाकिटावर १६/१०० लिहिलेले असते, त्यातला १०० हा आकडा सुईची जाडी एक मिलिमीटर असल्याचे सांगतो. जाड कॅनव्हाससाठी १८/११० घ्यावी, पण ती आपल्या मशीनला चालते का हे आधी विचारावे. जाड जागी पोहोचल्यावर पाय थांबवून चाक हाताने फिरवावे. लाकडी हातोडीने आधी ठोकून घेतलेली घडी बरीच बसते, हेही करून पाहावे.

तरीही जी जागा मशीनला पेलत नाही ती हाताने शिवावी, आणि इथेच बहुतेकांचा संयम संपतो. हातशिलाई म्हणजे दुय्यम काम, असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. एका दोऱ्याच्या दोन्ही टोकांना दोन सुया ओवाव्यात आणि प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया समोरासमोरून काढाव्यात. अशा शिवणीत एक टाका झिजून तुटला तरी शेजारचे टाके धरून राहतात, मशीनची शिवण मात्र तुटलेल्या जागेपासून उसवत जाते. दोरा शिवणीच्या लांबीच्या चौपट घ्यावा आणि थर जाड असतील तर थोडा अधिक. छिद्रे आधी बारीक आरीने, म्हणजे टोच्याने, खाली लाकडी फळी ठेवून, समान अंतरावर पाडून घ्यावीत. बोटात अंगुस्तान घालायचा कंटाळा करू नये. दोन सुयांचे जमत नसेल तर साधी उलटी टीप, म्हणजे प्रत्येक टाका मागे घेऊन, घालावी, पण केवळ धावदोऱ्यावर वजनाची जागा सोडू नये.

दोरा आणि सुतळी

रिळाचा साधा सुती दोरा पिशवीला वापरू नये. नाशिकच्या पावसाळ्यात ओली पिशवी खुंटीवर तशीच राहिली की सुती दोऱ्याला बुरशी लागते आणि तो कुजतो. पॉलिएस्टरचा जाड दोरा घ्यावा. हातशिलाईसाठी चप्पल-बूट दुरुस्त करणारे कारागीर वापरतात तो नायलॉनचा दोरा उत्तम, कारागिराला विचारले तर तो कुठे मिळतो तेही सांगतो. दाभण आणि सुतळी ही धान्याच्या पोत्याचे तोंड शिवायची साधने आहेत. सुतळी भिजत राहिली की कुजते आणि दाभणाने पडलेले भोक कॅनव्हासमध्ये मिटत नाही.

उरलेल्या चुका

कापड न धुता कापणे ही चूक पहिल्या धुण्यातच कळते, कारण सुती कॅनव्हास आटतो आणि नायलॉनची पट्टी आटत नाही, मग पट्टीच्या कडेने चुण्या पडतात. जुनी जीन्स वापरताना गुडघ्याचा आणि बैठकीचा भाग टाळावा, तिथला धागा झिजलेला असतो. पिशवीची उंची कापडाच्या उभ्या धाग्याच्या दिशेनेच घ्यावी. जाड कापडाला टाचण्या टोचण्याऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे लावावेत. आतल्या कडा मोकळ्या सोडू नयेत, बाजूंना कडा आत दुमडून दाबटीप घालावी. शिवणीऐवजी गोंद वापरण्याविषयी मला विचारूच नये. चेन आणि कप्पे यांचा मोह पहिल्या पिशवीत आवरावा.

पिशवी शिवून झाली की ती लगेच बाजारात नेण्याची घाई करू नये. एक लिटर पाण्याच्या दहा बाटल्या म्हणजे दहा किलो वजन होते. त्या भरून पिशवी रात्रभर भक्कम खुंटीला टांगून ठेवावी आणि सकाळी बंदाच्या मुळाशी उजेडात पाहावे. तिथली सुईची छिद्रे लांबट झालेली दिसली, तर तेवढी शिवण उसवून मागे ठिगळ लावावे आणि जुन्या छिद्रांपासून दूर नवी शिवण घालावी.