दोन लाख पानं संगणकाकडून कशी वाचून घ्यावीत

रॉबेर्तो बुसा हे इटालियन जेझुइट धर्मगुरू थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या लॅटिन लिखाणात 'सान्निध्य' ही कल्पना कशी येते, याचा शोध घेत होते. त्या अर्थाचे शब्द धुंडाळून फारसं हाती लागेना. मग लक्षात आलं की सगळं मर्म 'इन', म्हणजे 'मध्ये', या इवल्याशा अव्ययात आहे. ते अव्यय असलेली वाक्यं त्यांनी हातानं दहा हजार कार्डांवर उतरवली आणि १९४९ मध्ये ते आयबीएम या यंत्रं बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना जाऊन भेटले. अक्वायनसच्या एकूण एक शब्दाची सूची छिद्रित कार्डांवर सुरू झाली आणि छापून पुरी व्हायला तीसेक वर्षं गेली.

आधी प्रश्न, मग हातानं केलेलं काम आणि शेवटी यंत्र, हा त्यांचा क्रम होता. इतिहास, भाषा किंवा साहित्याच्या अभ्यासाला मोठ्या संगणकाची जोड द्यायची असेल, तर आजही याच क्रमानं जावं.

१. प्रश्न मोजता येईल असा मांडा. 'वृत्तपत्रांनी समाज कसा घडवला?' या प्रश्नाचं संगणक काहीच करू शकत नाही. 'साथीच्या बातम्यांत रोग्यांना कोणती विशेषणं लावली जात आणि ती वीस वर्षांत बदलली का?' हा प्रश्न मात्र त्याला देता येतो.

२. पन्नास पानं स्वतः वाचा. ती वेगवेगळ्या वर्षांची असू द्या. जे मोजायचं आहे, ते पेन्सिलीनं खुणा करत मोजून ठेवा. ही तुमची कसोटीची पानं. ती जपून ठेवा, पुढे पावलोपावली लागतील.

३. चित्राचा मजकूर करा. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो जाऊ द्यावा. पानं किमान ३०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा, मूळ फाइलींना हात लावू नका, काम प्रतींवर करा. छापील मजकुरासाठी टेसरॅक्ट हा मोफत ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारा, प्रोग्राम आहे, तर हस्तलिखितांसाठी ट्रान्सक्रिब्युससारखी साधनं आहेत. त्यांना एखाद्या लेखनिकाचं वळण शिकवता येतं.

आता कसोटीची पानं काढा आणि चुका मोजा. अक्षरांची अचूकता ९५ टक्के आली तर हुरळून जाऊ नका. पाच अक्षरांचा शब्द पूर्ण बरोबर येण्याची शक्यता मग जेमतेम ७७ टक्के उरते, म्हणजे जवळजवळ दर चौथा शब्द बिघडलेला. देवनागरीत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची अदलाबदल होते. जुन्या इंग्रजी छपाईतला लांब 'एस' यंत्राला 'एफ' वाटतो. अशा ठरावीक चुका एकगठ्ठा दुरुस्त होतात, म्हणून त्यांची यादी करा.

४. प्रत्येक फाइलची ओळख लिहा. वर्ष, गाव, लेखक, प्रकाशन, एवढं एका तक्त्यात. कंटाळवाणं आहे, पण याविना काळानुसार तुलना होत नाही.

५. आता मोठं यंत्र घ्या. एका पानाला १० सेकंद धरले तर दोन लाख पानांना एका प्रोसेसरवर २३ दिवस लागतात. तेच काम ५०० कोअरवर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या ५०० प्रोसेसरांवर, वाटलं तर तासाभराहून थोड्या जास्त वेळात आटोपतं, कारण एका पानाला दुसऱ्याची वाट पाहावी लागत नाही. अनेक विद्यापीठांत असे क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेले संगणक, असतात आणि मानव्यविद्येच्या अभ्यासकांनाही ते मागता येतात. संकोच करू नका. तिथे काम रांगेत लावावं लागतं: किती कोअर, किती मेमरी, किती तास, हे आधी सांगायचं. म्हणून प्रथम शंभर पानं चालवून अंदाज घ्या.

काही कामं तर संगणकाशिवाय होतच नाहीत. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात इटलीतल्या हर्क्युलेनियम या गावातल्या पपायरसच्या (वनस्पतीपासून केलेल्या प्राचीन कागदाच्या) गुंडाळ्यांचा कोळसा झाला. हातानं उलगडायला गेलं की तुकडे पडतात. आता क्ष-किरणांनी त्यांचं आतपर्यंत स्कॅन होतं, पापुद्रे संगणकात सुटे केले जातात आणि शाईचा माग काढायला शिकवलेलं मॉडेल त्यावर चालवतात. २०२३ मध्ये अशा बंद गुंडाळीतून एक अख्खा शब्द वाचला गेला: 'पोर्फिरास', म्हणजे जांभळा. जवळपास दोन हजार वर्षांनी तो माणसाच्या डोळ्यांपुढे आला, हे मला आजही विलक्षण वाटतं.

६. आकड्यावरून पानाकडे परत या. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूनं लिहिलेल्या 'फेडरलिस्ट' निबंधांपैकी बारांचा लेखक हॅमिल्टन की मॅडिसन, असा वाद होता. मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साधे शब्द मोजले. 'अपॉन' हा शब्द हॅमिल्टन सर्रास वापरी, मॅडिसन क्वचित. कौल मॅडिसनच्या बाजूनं गेला. त्यांना हे जमलं, कारण दोघांचं निर्विवाद लेखन तुलनेला हाताशी होतं.

तुमच्याही आलेखात एखादं वर्ष अचानक उसळलेलं दिसलं, तर आधी त्या वर्षीची वीस पानं उघडा. कित्येकदा तिथे नवा विचार नसतो. तीच जाहिरात रोज छापलेली असते किंवा एक खंड दोनदा स्कॅन झालेला असतो. अशी गाळलेली पानं, दुरुस्त्यांची यादी आणि प्रोग्रामची आवृत्ती एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून मजकुराच्याच फोल्डरमध्ये ठेवा.