जिरायत गव्हाचं वाण निवडताना आधी वाईट वर्ष बघा

भांडुपला राहून सिन्नरकडच्या माळावरची शेती सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांना दसऱ्याच्या सुमारास एकच प्रश्न पडतो: गव्हाचं बियाणं कोणतं आणायला सांगू? "अमक्याला एकरी आठ क्विंटल झाला" एवढ्यावर ठरवलं, की पाऊस लवकर उघडलेल्या वर्षी हमखास फसगत होते.

त्यापेक्षा वही घ्या.

१. गावातल्या चार-पाच जिरायत शेतकऱ्यांना फोन करून प्रत्येक वाणाचं गेल्या चार वर्षांचं एकरी उत्पन्न एका ओळीत लिहा.
२. ओळीतल्या सर्वांत लहान आकड्याला गोल करा.
३. ज्याचा गोलातला आकडा मोठा, ते वाण घ्या.

समजा, एकाचे आकडे ८, २, ७, ३ क्विंटल आणि दुसऱ्याचे ५, ४, ६, ५. सरासरी दोघांचीही ५च. पण २ क्विंटलच्या वर्षी घरच्या पोळीचेही वांधे, वर पुढच्या पेरणीचं बी विकत. मी तरी दुसरंच घेईन.

चौकशी नेत्रावती, पंचवटी, शरद या जिरायतीसाठी शिफारस असलेल्या वाणांपासून सुरू करा. त्र्यंबक चांगलं, पण ते बागायतीचं.

एक जपा: फोनवर "पाणी दिलं होतं का?" हे विचाराच. पेरणीनंतर ४०-४२ दिवसांनी एक पाणी मिळालं तरी उत्पन्न बरंच वाढतं. तो आकडा या वहीत धरू नका.