स्लीव्ह सर्जरी करून गावी परतल्यावर या चुका टाळा

लठ्ठपणाच्या ऑपरेशनसाठी, म्हणजे जठर कापून लहान करणाऱ्या स्लीव्ह सर्जरीसाठी, आता तालुक्याच्या गावांतूनही लोक नागपूर गाठतात. ऑपरेशन दुर्बिणीतून होतं आणि सगळं नीट असेल तर दोन-चार दिवसांत सुट्टी मिळते. पुढे मात्र सर्जन दोनशे किलोमीटरवर आणि पेशंट गावात. माझ्या मते या ऑपरेशनचं खरं यशापयश तिथून पुढेच ठरतं, आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात.

आधी समजून घ्या, काय कापलं जातं

पहिली चूक म्हणजे ऑपरेशन न समजता होकार देणं. ‘चरबी काढतात’ असं अनेकांना वाटतं. स्लीव्हमध्ये चरबीला हात लागत नाही. जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग कापून बाहेर काढतात आणि केळाच्या आकाराची एक अरुंद नळी उरते. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः कापलेल्या भागात तयार होतं, म्हणून थोडक्यात पोट भरतं आणि भूकही कमी लागते. काढलेलं जठर परत जोडता येत नाही. छातीत सतत जळजळ होत असेल, आंबट पाणी घशाशी येत असेल, तर स्लीव्हनंतर तो त्रास वाढू शकतो. अशा पेशंटसाठी जठराचा बायपास (हृदयाचा नव्हे; यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात) बरा ठरू शकतो. त्यामुळे जळजळीची गोष्ट सर्जनपासून लपवू नका.

ऑपरेशन कुणाला लागतं हे बीएमआयवरून, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती या आकड्यावरून ठरतं. भारतीयांसाठी बरीच वर्षं 37.5 ही मर्यादा धरली जाते, आणि मधुमेह, बीपी किंवा झोपेत श्वास अडकण्याचा आजार सोबत असेल तर 32.5. म्हणजे 155 सेंटीमीटर उंचीच्या बाईसाठी अंदाजे 90 आणि 78 किलो. 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आशियाई लोकांसाठी ही मर्यादा 27.5 पर्यंत खाली आणली आहे. आरोग्य विम्याचे नियम मात्र वेगळे आहेत: वय किमान 18 आणि बीएमआय 40, किंवा ठरावीक गंभीर आजार सोबत असल्यास 35. शिवाय पॉलिसीत प्रतीक्षा काळ असू शकतो. डॉक्टर हो म्हणाले म्हणून विमा कंपनी पैसे देईलच असं नाही. लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय वावर गहाण टाकू नका.

खर्रा आणि सिकलसेल: न सांगितलेल्या दोन गोष्टी

तपासणीत विचारतात, “सिगारेट ओढता का?” पेशंट खरं तेच सांगतो, “नाही.” आणि तंबाखू-सुपारी-चुना घोटलेल्या खर्र्याची पन्नी खिशातच असते. खर्रा असो, दातांवर घासायचा गुडाखू असो की तंबाखू, निकोटिन सगळ्यांत आहे. त्याने टाके भरायला वेळ लागतो, जखम चिघळण्याचा धोका वाढतो. ऑपरेशनच्या किमान सहा आठवडे आधी ते बंद करायचं, आणि नंतर पुन्हा सुरू करायचं नाही. विचारलं नाही तरी आपणहून सांगा.

दुसरी गोष्ट सिकलसेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा आजार बऱ्याच घरांत आहे. तो असेल तर शरीरातलं पाणी आटणं, ऑक्सिजन कमी पडणं आणि थंडी या तिन्ही गोष्टींनी त्रास उसळतो, आणि ऑपरेशनच्या वेळी या तिन्हींची शक्यता असते. घरात कुणाला सिकलसेल असेल तर रक्ततपासणी आधी करून भूलतज्ज्ञांना सांगा. सिकलसेलमुळेही हिमोग्लोबिन कमी होतं, म्हणून नंतर ते कमी दिसलं तरी फक्त लोहाच्या गोळ्यांवर काम भागलं असं धरू नका.

‘गॅस झाला’ म्हणून बसू नका

टाक्यांमधून गळती शंभरात एखाद-दोघांना होते, पण झाली तर जिवावर बेतते. ती बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, म्हणजे पेशंट घरी असतानाच होते. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, दम लागणं, आणि शांत पडलेलं असताना नाडी मिनिटाला 120 च्या वर. यातलं काही दिसलं तर ओवा-हिंग, जुलाब, दुखणं दाबणारं इंजेक्शन, काहीही करू नका. सर्जनला फोन करा आणि गाडी काढा. एका पायाला सूज येऊन पोटरी दुखत असेल, किंवा अचानक श्वास अडकला, तर रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हाही थांबायचं नाही.

उलट्या आणि सलाईन

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच, आणि गावात ती जवळजवळ कुणी सांगत नाही. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत काहींना उलट्या होतात. कधी घाईने खाल्लं म्हणून, कधी दोन घास जास्त झाले म्हणून, कधी जठराची नळी एखाद्या ठिकाणी आखडल्यामुळे. घरचे म्हणतात, “अशक्तपणा आला, एक सलाईन लावून आणू.” गावातला डॉक्टर ग्लुकोजची बाटली लावतो. बाटली लागली की घरच्यांना धीर येतो.

पण शरीरात थायमिनचा, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. उलट्यांमुळे तो संपत आलेला असतो. त्यात नुसतं ग्लुकोज गेलं की ते वापरायला उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांची हालचाल बिघडून एकाच्या दोन गोष्टी दिसतात, चालताना तोल जातो, बोलण्यात गोंधळ येतो. वेळेत थायमिनचं इंजेक्शन मिळालं तर पेशंट सावरतो. उशीर झाला तर स्मरणशक्तीचं नुकसान कायमचं राहू शकतं.

म्हणून सुट्टी घेतानाच सर्जनकडून गावच्या डॉक्टरांच्या नावाने एक चिठ्ठी घ्या: कोणतं ऑपरेशन, कोणत्या तारखेला, आणि ‘ग्लुकोज देण्याआधी थायमिन द्यावे’. ती प्लॅस्टिकमध्ये घालून औषधांच्या डब्यात ठेवा. दिवसभर पाण्याचा घोटही टिकत नसेल तर गावात बाटल्या लावत बसण्यात अर्थ नाही, सर्जनकडे जाऊन तोंडातून दुर्बीण घालून जठर तपासावंच लागतं.

तांब्याभर पाणी आणि उन्हाळा

वावरातून आलं की तांब्या तोंडाला लावायची आपली सवय. या जठरात ते मावत नाही. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी हवंच, पण घोटाघोटाने, आणि जेवणासोबत नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबून. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर जातो. त्या दिवसांत एवढं पाणी घोटाघोटाने पोटात घालणं सोपं नाही. ऑपरेशन थोडं लांबवता येण्यासारखं असेल तर थंडीचे महिने निवडा, कापूस वेचणीची घाई असली तरी. साधारण सहा आठवडे पाठीवर फवारणीचा पंप नाही, डोक्यावर कापसाचं गाठोडं नाही, हंडाही नाही.

याच काळात बीपीच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, आणि शुगरच्या जुन्या गोळ्या जुन्याच डोसने घेत राहू नका. वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत शुगर खाली येते. चक्कर येणं, घाम फुटणं याला उन्हावर ढकलून देऊ नका. डोस मात्र डॉक्टरांकडूनच बदलून घ्या. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन टाळायला सांगतात. पॅरासिटामॉल विचारून घ्या.

ताटात काय

आधी पातळ, मग गाळलेलं-घोटलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी साधं जेवण, असा क्रम असतो. तो कमी करायची घाई करू नका. पण खरी अडचण पुढे येते. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात आणि जठरात वाटीभरही जेमतेम मावतं. भाकरी-ठेच्याने सुरुवात केली तर प्रथिनांना जागाच उरत नाही. आधी वरणातली घट्ट डाळ, अंडं, दही, पनीर, मासे किंवा चिकन, आणि मग जागा उरली तर भाकरीचा तुकडा. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. सोया वडीत शंभर ग्रॅममागे पन्नासच्या वर. आपण एकरच्या एकर सोयाबीन पेरतो आणि ते ताटात मात्र घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सावजी रस्सा आणि तर्री पहिले काही महिने विसरा. साबुदाण्याचे उपवासही.

महालक्ष्म्यांचं जेवण, पोळा, लग्न म्हटलं की आग्रह आलाच. “काय होते दोन घासानं?” असं म्हणणारी मावशी प्रेमानेच म्हणते. पण त्या दोन घासांनी उलटी होते. घरातल्या एकाने आधीच सगळ्यांना सांगून ठेवावं, पेशंटवर ते ओझं टाकू नये. उलट दोन वर्षांनी वजन परत चढतं ते अनेकदा जेवणाने नाही, दिवसभर येता-जाता तोंडात टाकलेल्या चिवड्याने आणि साखरेच्या चहाने.

केस तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास गळतात. प्रथिनं आणि लोह पुरेसं असेल तर बहुतेकांचे परत येतात. तरुण बायांनी 12 ते 18 महिने गरोदरपण टाळावं. वजन उतरलं की पाळी सुधारते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, हे सासूबाईंनाही सांगावं लागतं.

गोळ्या सुटतात

बरं वाटायला लागलं की गोळ्या बंद होतात. जठर लहान झाल्याने बी-12 आणि लोह नीट शोषलं जात नाही, त्यामुळे या गोळ्या, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व कायमचे समजा. कॅल्शियम आणि लोह एका वेळी घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12, डी, शुगर, किडनी-लिव्हर या तपासण्या पहिल्या वर्षी दर तीन-सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा. त्यासाठी दर वेळी नागपूरची एसटी धरायची गरज नाही. रक्त तालुक्याच्या लॅबमध्ये द्या, रिपोर्टचा फोटो सर्जनच्या दवाखान्याला पाठवा आणि उत्तर येईपर्यंत फोन करत राहा.