बिर्गूत खोली घेताय? आधी चौक बघा

माल्टात नोकरी मिळून बिर्गूत राहायला येणाऱ्यांना माझा पहिला सल्ला: खोलीची खिडकी कुठे उघडते ते बघा. चर्चजवळ किंवा मुख्य चौकावर उघडत असेल, तर ऑगस्टच्या सुरुवातीला झोपेची आशा सोडा. 10 ऑगस्टला गावच्या संत लॉरेन्सचा फेस्ता, म्हणजे ग्रामसंताचा उत्सव. गल्ल्यांवर तोरणं, पडदे, बँडची मिरवणूक आणि सकाळी सकाळी आकाशात फुटणारे पेटार्ड. नुसता आवाज, रोषणाई नाहीच! तक्रार करायला जाऊ नका, हसतील. गाडी आदल्या दिवशीच गावाच्या तटबंदीबाहेर लावा.

इथला बँड क्लब म्हणजे आपलं गणेश मंडळच समजा. वर्गणी, शेजारच्या गावाशी चुरस, वर्षभर पुढच्या उत्सवाच्याच गप्पा. कॉफी प्यायला तिथे जात जा. वर्षभर ऑफिसात जेवढ्या ओळखी होणार नाहीत, तेवढ्या तिथे आठवड्यात होतात.

गुड फ्रायडेला आदमकद मूर्तींची संथ मिरवणूक निघते. तिथे मोबाइल खिशात ठेवा. ईस्टरच्या सकाळी सगळा नूर पालटतो. पुनरुत्थित ख्रिस्ताची जड मूर्ती खांद्यावर घेऊन गडी चक्क पळतात, तेव्हा बाजूला सरा. मुलांच्या हातात फिगोल्ला असतो, बदामाचं सारण भरलेली, वरून आयसिंग लावलेली मोठी बिस्किटं. त्यात अंडं असतं. अंडं न खाणाऱ्यांनी त्याआधीच्या उपवासाच्या दिवसांत मिळणारं क्वारेझिमाल नावाचं बदामाचं बिस्किट शोधावं. पारंपरिक पद्धतीत त्यात अंडंही नसतं नि लोणीही. तरी विचारून घ्याच. चर्चमध्ये जाताना खांदे नि गुडघे झाकलेले हवेत, उन्हाळा कितीही असो.

इतिहासाचं फार पाठांतर नको, पण एवढं माहीत असू द्या. 1530 मध्ये सेंट जॉनचे नाईट्स, म्हणजे कॅथलिक धर्मयोद्ध्यांचा एक संघ, आले ते राजधानी एम्दिनात न राहता बंदरापाशी, बिर्गूत राहिले. 1565 चा ऑटोमन तुर्कांचा वेढा याच तटबंदीने झेलला, म्हणून गावाचं दुसरं नाव व्हित्तोरिओझा, म्हणजे विजयी. पुढे 1571 मध्ये नाईट्स नव्या राजधानीत, व्हॅलेटाला गेले नि गाव मागे राहिलं. माझ्या मते त्यामुळेच ते अजून गाव आहे. गोव्याहून आलेल्यांना फेस्त नवीन नाही. त्यांनी इन्क्विझिटरचा वाडा मात्र बघावा. 1574 ते 1798 इन्क्विझिशन, म्हणजे धर्मविरोधी ठरवलेल्यांवर खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, इथून चालायचं, म्हणजे गोव्यातल्या इन्क्विझिशनच्याच काळात. खालच्या कोठड्यांच्या भिंतींवर कैद्यांनी कोरलेल्या खुणा आहेत. घाईत बघायची जागा नव्हे.

8 सप्टेंबरला वेढा उठल्याची सुट्टी असते नि ग्रँड हार्बर या बंदरात गावागावांच्या वल्हवायच्या होड्यांच्या शर्यती. जागा लवकर धरा, टोपी न्या. आणि स्वस्त पडलं म्हणून शेजारच्या बोर्म्लात घर घेतलं असेल, तर आमच्या धक्क्यावर उभं राहून त्यांच्या होडीसाठी ओरडू नका.